वैद्यकीय सल्लागार: आमची वहिनी

आमची वहिनी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि मोठ्या माणसांशी तिचं फारसं पटत नाही. मुलाच्या पोटावर हात ठेवताना तिचा आवाज इतका मऊ होतो की हीच का ती बाई असं वाटावं. तेच मूल आईच्या कडेवर परत गेलं की त्या आईला ती असं काही सुनावते, की चिठ्ठी टेबलावर टाकून बाई आता उठून जाणार असं मला दर वेळी वाटतं. कुणी जात नाही. उलट पुढच्या खेपेला जावेला आणि शेजारणीला घेऊन येतात. कारण वहिनी बोलली ते खरं, अशी तिची ख्याती आहे. "बरं होईल" असं तिने म्हटलं की आया रात्री झोपतात. "मला अजून कळलेलं नाही" असं म्हटलं तरी ऐकून घेतात, आणि हे वाक्य दुसऱ्या कुठल्या डॉक्टरच्या तोंडून निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

ती लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात आईने तिला आपलं जुनं दुखणं सांगितलं. गुडघ्यातून निघून पाठीमार्गे कानापर्यंत जाणारी कळ. आजवर प्रत्येक डॉक्टरने त्या कळीला मान देऊन काही ना काही लिहून दिलं होतं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अशी कळ नसते. आई तिच्याशी बरेच दिवस बोलली नाही, पण कळही पुन्हा आली नाही.

मी तिची नणंद. शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, आणि भावाच्या घरात वरच्या खोलीत राहते. एका घरात दोन तिखट जिभा म्हटल्यावर नातेवाईक मजा बघायला टपून बसले होते. त्यांची निराशा झाली. आम्हा दोघींना लोकांना नावं ठेवायला आवडतं, आणि आवडीची गोष्ट अशी की त्याच त्याच लोकांना. मला चिडवायचं असलं की ती जुन्या वळणाने "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते. दादा आमच्या मधे बसून जेवतो आणि "जाऊ दे" म्हणतो. तो नकाशे काढायच्या कचेरीत आहे आणि त्याला जगातलं सगळं चालतं.

संध्याकाळच्या जेवणाला आमच्याकडे एक हॉस्पिटलची मालिका लागते. आईला ती लागते, आणि टीव्ही जेवणाच्या खोलीत आहे, म्हणून आम्हा सगळ्यांना. मालिकेत डॉक्टर एकच. म्हणजे पांढरे कोट पुष्कळ आहेत, पण ते ट्रे धरायला आणि आ वासून बघायला. रोग बरे करायचं काम एकट्याकडे. तो मेंदू उघडतो, बाळंतपण करतो, हृदय बदलतो, आणि मधल्या वेळात लिफ्टमध्ये रडतो. ऑपरेशन कितीही लांबलं तरी त्याचा भांग हलत नाही, म्हणून वहिनीने त्याचं नाव कंगवा ठेवलं.

कंगवा स्टेथोस्कोप उलटा घालायचा. त्या नळीची टोकं नाकाच्या दिशेला वळलेली असावी लागतात, नाहीतर धड ऐकू येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. वहिनी भाजी वाढता वाढता म्हणायची, बहिरा आहे बिचारा, म्हणून तर एवढा आत्मविश्वास. छातीचा एक्स-रे तो उजेडासमोर धरायचा तो पोट वर आणि मान खाली, आणि त्याकडे बघून "आपल्याकडे फार कमी वेळ आहे" म्हणायचा. बेशुद्ध बाईच्या डोळ्यांत काजळ असायचं. श्वासाची नळी घशात जायची सोडून गालाला चिकटपट्टीने लावलेली, आणि ओठ घट्ट मिटलेले. ऑक्सिजनचा मास्क लावलेला म्हातारा मरता मरता सगळ्या इस्टेटीची वाटणी सांगायचा, तीही सविस्तर. आणि मॉनिटरवर सरळ रेघ आली की कंगवा इस्त्रीसारख्या दोन वस्तू उचलून शॉक द्यायचा, रोगी कॉटवर टुणकन उडायचा आणि डोळे उघडून आधी कंगव्याचंच नाव घ्यायचा. सरळ रेघेला शॉक चालत नाही, तिथे छाती दाबावी लागते, आणि इतकी जोरात दाबावी लागते की बरगड्या मोडतात, आणि तरीही बहुतेक माणसं जातात, हे वहिनीने ताटावरून कंगव्याला इतक्यांदा बजावलं की शेवटी आई म्हणाली, त्याला ऐकू येत नाही हे तूच सांगतेस ना, मग कशाला ओरडतेस.

दादाचं म्हणणं, मालिका आहे ती. वहिनीने त्याला विचारलं, मालिकेत कुणी नकाशावर नदी डोंगरावर चढवली तर चालेल का तुला? दादाला चाललं असतं.

ही करमणूक अशीच चालू राहिली असती. पण त्या मालिकेचे सेट उभारणारे एक गृहस्थ आपल्या मुलाला दम्यासाठी वहिनीकडे आणायचे. गप्पांत त्यांच्या कामाचा विषय निघाला आणि वहिनीने त्यांना असं धारेवर धरलं की मुलाच्या दम्याचं राहिलं बाजूला, बापालाच धाप लागली. तुमच्याकडे कुणी विचारायला डॉक्टर नाही का, असं तिने विचारलं. होते, निर्मात्याचे औषधं विकणारे मेव्हणे. गृहस्थ चाचरत म्हणाले, डॉक्टर, तुम्हीच या ना. वहिनीने हो म्हणून टाकलं. घरी येऊन म्हणाली, घरात बसून बोंबलण्यापेक्षा जाऊन नीट करून येते. मी म्हणाले, मलाही ने. अशी संधी कोण सोडेल?

हॉस्पिटल एका गोदामात होतं. प्लायवुडच्या भिंती, मागून बघितलं की खिळे आणि ओघळलेला रंग, पुढून बघितलं की अतिदक्षता विभाग. त्या अतिदक्षता विभागात फुलदाणी होती आणि गुबगुबीत सोफा होता. मॉनिटर म्हणजे एक साधा टीव्ही, त्यावर एकाच कुणाच्या तरी हृदयाचे ठोके पुन्हा पुन्हा फिरत होते. म्हातारा असो, बाळ असो, सगळे त्याच ठोक्यांवर जगायचे आणि बटण बंद केलं की मरायचे. कंगवा प्रत्यक्षात भला निघाला. खुर्ची दिली, पाणी विचारलं. सुई बघितली की त्याला घेरी येते, हे त्याने आपण होऊन सांगितलं. दिग्दर्शक मात्र सतत घाईत असलेला, दाढी खाजवणारा माणूस. त्याचा एक मदतनीस होता, तिशीचा, हातात पॅड. वहिनी काहीही बोलली की तो "हो मॅडम" म्हणून लिहून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव हो-मॅडम पडलं.

खोटं कशाला सांगू, वहिनी खुलली. सुट्टीच्या दिवशी सकाळीच आवरून निघायची. तिने स्टेथोस्कोप सुलटा केला. एक्स-रेवर खूण करून दिली, वर कुठलं आणि खाली कुठलं. नर्सांच्या उंच टाचा काढायला लावल्या. नळी तोंडात कशी दिसते, पट्टी कुठे लागते, ड्रिपचा थेंब कसा पडतो, हात कोपरापर्यंत कसे धुतात, सगळं करून दाखवलं. खऱ्या इंजेक्शनांची नावं दिली आणि मुलाच्या वजनाप्रमाणे त्यांचं प्रमाणही. फुलदाणी स्वतः उचलून बाहेर ठेवली. हे सगळं त्यांनी निमूट ऐकलं, कारण त्याला खर्च नव्हता आणि गोष्टीला धक्का लागत नव्हता. गोष्टीला धक्का लागेल असं काही ती बोलली की दिग्दर्शक दाढी खाजवायचा आणि हो-मॅडम "हो मॅडम" म्हणायचा, आणि पुढचा रोगी पुन्हा टुणकन उडून बसायचा.

मग मालिका संपताना नावं पळतात त्यांत तिचं नाव यायला लागलं. वैद्यकीय सल्लागार, आणि पुढे ती, पदवीसकट. आई ते दर वेळी मोठ्याने वाचायची. वहिनी "पुरे हो" म्हणायची, पण नाव येईपर्यंत उठायची नाही.

आकडीचा प्रसंग आला त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. कंगव्याच्या लहान पुतणीला तापात आकडी येते असं दाखवायचं होतं. कागदावर लिहिलं होतं की घरात रडारड होते आणि कंगवा धावत येऊन पोरीच्या दातांत चमचा घालतो, तिची जीभ वाचवतो. वहिनीने कागद खाली ठेवला. तिने दिग्दर्शकाला सांगितलं की जीभ गिळली जात नाही, ही बाष्कळ समजूत आहे. तोंडात काहीही घालायचं नाही. घातलं तर दात तुटतात, तुटलेला दात श्वासात जातो, मूल गुदमरतं. पोरीला कुशीवर वळवायचं, गळ्याशी सैल करायचं, आजूबाजूच्या वस्तू बाजूला सारायच्या आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं.

"आणि मग?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मग थांबायचं. बहुतेक आकड्या आपोआप थांबतात. नाही थांबली तर हॉस्पिटल."

"आणि तोपर्यंत हिरो काय करेल?"

"बघेल."

"मॅडम, बघायला प्रेक्षक आहेत की घरी."

सेटवरचे सगळे हसले. कंगवाही हसला. वहिनी नाही हसली. तिने शांतपणे सांगितलं की बाकी सगळं तुम्ही हवं तसं केलंत, माणसं मेली-जगली, मी बोलले नाही. पण तुमचा शॉक घरात कुणाकडे नाही, चमचा प्रत्येक घरात आहे. हे बघून कुणीतरी उद्या करेल. हे दाखवणार असाल तर शेवटी माझं नाव येता कामा नये.

दिग्दर्शक एकदम गोड झाला. म्हणाला, दोन्ही प्रकारे घेऊ, आणि तुमचाच ठेवू, शब्द देतो. हो-मॅडमने लिहून घेतलं. त्यांनी खरंच दोन्ही घेतले. कुशीवर वळवलेल्या पोरीशेजारी कंगवा गुडघे टेकून नुसता बसला, तेव्हा मला पहिल्यांदा तो डॉक्टर वाटला. चमच्याचा प्रकार घेताना वहिनी तोंड फिरवून उभी राहिली. परत येताना गाडीत ती खूश होती, शिट्टी वाजवत होती. तिला शिट्टी येत नाही, पण ते असो.

तो भाग लागला तेव्हा घरात सगळे होतो. ताप आला, पोर थरथरायला लागली, थरमामीटर खरा, औषधाचं नाव खरं, आणि कंगव्याने चमचा घातला. स्वच्छ कापडात गुंडाळून घातला, म्हणजे वहिनीच्या स्वच्छतेच्या धड्यांचा तेवढा उपयोग झाला. पोर शांत झाली. सगळ्या घराने कंगव्याचे हात हातात घेतले. मग नावं पळाली, आणि आईने सवयीने वाचलं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ताटावरूनच फोन लावला. दिग्दर्शकाने उचलला नाही. हो-मॅडमने उचलला आणि सगळ्याला हो मॅडम म्हणाला. संकलनवाल्यांनी तो निवडला मॅडम, दुसरा जरा थंड वाटत होता मॅडम. पुढच्या भागात खुलासा द्या, असं ती म्हणाली, तर विचारून सांगतो मॅडम. निदान माझं नाव काढा, तर नावांच्या पाट्या महिन्याच्या एकदम बनतात मॅडम, या महिन्याच्या बनून गेल्यात. पुढचे कितीतरी दिवस ती फोन करत राहिली. एकदा गोदामावर जाऊन आली, तर तिथे हॉस्पिटल मोडून त्याच्या जागी लग्नाचा हॉल उभा होता आणि हो-मॅडमने तिला चहा दिला. या लोकांचा मला जितका तिटकारा आला तितका परीक्षेत कॉपी करणाऱ्यांचाही येत नाही. कॉपी करणारा निदान घाबरतो.

दादा म्हणाला, कोण वाचतं ती नावं, इतकी पळतात.

शाळा सुटल्यावर मी वहिनीच्या ओपीडीत जाऊन बसते आणि आम्ही एका गाडीने घरी जातो. खोलीत तिचं टेबल, तपासायची कॉट, आणि कोपऱ्यात माझी खुर्ची. मी पेपर तपासते, ती मुलं तपासते. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी या दवाखान्यात जन्मल्यापासून येत असावी, कारण आत आल्या आल्या ती आपण होऊन कॉटवर चढली. खोकला होता, जात नव्हता, रात्री घरघर व्हायची. पण आई हसतमुख. टेबलाशी टेकून ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला सांगायचंच होतं. तुमच्यामुळे वाचली ही."

वहिनीने विचारलं, कशातून वाचली.

बाईने सगळं रंगवून सांगितलं. मुलीला ताप आला, आकडी आली, घरातली माणसं किंचाळत सुटली, सासूने हंबरडा फोडला, पण ही डगमगली नाही. चमचा घेतला, स्वच्छ कापडात गुंडाळला. दातखीळ बसली होती, सुटेना, तरी जोर लावून आत घातलाच. एक दात तेवढा तुटला. पण आकडी थांबली, आणि ताप उतरून मूल शुद्धीवर आलं. आता शेजारपाजारच्या सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं. आणि मग ती म्हणाली, "आधी आम्ही हसायचो त्या मालिकेला. काहीही दाखवायचे. पण हल्ली बघितलं तर सगळं अगदी तुमच्या इथल्यासारखं. नळ्या, इंजेक्शनांची नावं, हात धुणं. मग शेवटी तुमचं नाव दिसलं. म्हटलं, मग खरंच असणार."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मी वहिनीकडे बघितलं नाही, बघवलं नाही. मला एवढंच सुचलं, की ती तिथे गेलीच नसती आणि कंगवा उलटा स्टेथोस्कोप लावून बसला असता, तर या बाईने चमचा उचलला नसता.

वहिनीने विचारलं, "तुटलेला दात सापडला का?"

नाही. पोटात गेला असेल, असं बाईला वाटलं होतं. वहिनीने मुलीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. उजवीकडे ती फार वेळ थांबली. मग दोघींना एक्स-रे काढायला पाठवलं. त्या परत येईपर्यंत तिने दुसरा पेशंट आत घेतला नाही. फोटो आला तो तिने काचेवर लावला. उजव्या बाजूच्या श्वासनळीत एक छोटा पांढरा ठिपका होता, खाली जरा निमुळता. गणिताच्या बाईलाही दिसेल इतका स्पष्ट.

वहिनीने खुर्ची ओढून बाईच्या समोर घेतली. दात फुप्फुसाच्या वाटेत अडकलाय, असं तिने सांगितलं. खोकला त्याचा आहे. भूल देऊन, दुर्बीण घालून तो काढावा लागेल, आजच, नाहीतर ते फुप्फुस बंद पडेल किंवा दात सरकून श्वासच अडेल. आणि मग तिने जे सांगायची काही गरज नव्हती तेही सांगितलं. आकडी चमच्याने थांबली नाही. ती थांबणारच होती. चमचा घालायचाच नसतो.

बाईचं हसू हळूहळू उतरलं.

"पण तुमचं नाव होतं."

"होतं."

"मग ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला वाटलं आता वहिनी सांगेल. दोन प्रकारे घेतलेलं शूटिंग, दिग्दर्शकाचा शब्द, हो-मॅडम, ते फोन, महिन्याच्या पाट्या. सगळं खरं होतं आणि सगळं तिच्या बाजूचं होतं. मी स्वतःच तोंड उघडलं होतं, पण वहिनीने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"माहीत होतं," ती म्हणाली.

बाईने मुलीला कॉटवरून उचलून कडेवर घेतलं. मुलगी चांगली मोठी होती, पाय खाली लोंबत होते. बाई दाराशी गेली, तिथे थांबली, आणि रागावून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग हे आत्ताचं तरी खरं कशावरून?"

वहिनीने एक्स-रेकडे बोट दाखवलं. बाईने तिकडे बघितलंही नाही. त्या काळ्या-पांढऱ्यात काय आहे हे तिला कोण सांगणार होतं? वहिनीच. वहिनीने पुन्हा सांगायला सुरुवात केली, अधिक हळू, अधिक मऊ, मुलांशी बोलते त्या आवाजात. मुलगी खोकत होती. बाईने मान हलवली.

"तुम्ही नका सांगू. दुसऱ्या कुणाला तरी सांगायला सांगा."

समोरच्या रस्त्यापलीकडे मुलांच्या शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर आहे. त्याच्या इमारतीवर त्याचाच भला मोठा फोटो लावलाय, हाताची घडी, मान किंचित तिरकी, मागे उगवता सूर्य. वहिनी त्याला फलक म्हणते. त्याचा हात चांगला आहे हे ती नाइलाजाने कबूल करते, पण डॉक्टरांच्या एका बैठकीत तिने त्याला सगळ्यांदेखत जाहिरातबाज म्हटलं होतं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पेशंट पाठवत नव्हती. दुर्बिणीने दात काढायचा तर मुलीला दुसरीकडे पाठवावं लागणारच होतं, पण वहिनीने पाठवलं असतं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने फोन उचलला आणि फलकला लावला. तुमच्याकडे एक मुलगी पाठवतेय, तुम्ही स्वतः बघा आणि आईला तुम्हीच समजावून सांगा, माझं नाव घेतलं नाहीत तरी चालेल, असं ती म्हणाली. पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला. ती "हो" म्हणत राहिली.

बाईला घेऊन रस्ता मी ओलांडला. एक्स-रे माझ्या हातात होता. फलकच्या खोलीत गालिचा आहे आणि भिंतीवर पुन्हा तोच फोटो, जरा लहान. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाला, दात फुप्फुसाच्या वाटेत अडकलाय, खोकला त्याचा आहे, भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागेल, आजच. शब्दसुद्धा बदलला नाही. बाईने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच हो म्हटलं. मुलीला आत नेलं तेव्हा फलकने मला विचारलं, मॅडम स्वतः का नाही आल्या? मी म्हटलं, पेशंट आहेत. मग तो म्हणाला, मालिकेत छान काम चाललंय हं त्यांचं, आमच्या घरी सगळे बघतात. मी त्याच्या गालिच्याकडे बघत राहिले.

दात निघाला. मुलगी बरी आहे. सर्दीतापाला आता ती समोर जाते. शस्त्रक्रियेवाल्याकडे सर्दी दाखवायची म्हणजे काय, पण फलक तीही तपासतो आणि पैसे घेतो. वहिनीच्या खिडकीतून बाई येता-जाता दिसते. मालिकेतून वहिनीचं नाव पुढच्या महिन्यात निघालं, तिच्या जागी मेव्हणे परत आले आणि एक्स-रे पुन्हा उलटा झाला. जुने भाग मात्र दुपारी परत दाखवतात, जसेच्या तसे, नावासकट.

एकदा घरी निघताना ती बाई मुलीला घेऊन समोरच्या दारात नंबराची वाट बघत उभी दिसली आणि माझा ताबा सुटला. मी गाडीत बसल्या बसल्या सुरुवात केली. म्हटलं, जन्मापासून तू त्या मुलीला बघितलंस, तिच्या आईच्या मूर्खपणाचं निदान तू केलंस, आणि आता ही बया तुझ्या दारावरून त्या फोटोवाल्याकडे जाते, ओळखही दाखवत नाही. बरंच बोलले. माझ्या परीने वहिनीची बाजूच घेत होते.

वहिनीने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"तिचं काय चुकलं, वन्सं? माहीत असून जो डॉक्टर खोट्याखाली आपलं नाव राहू देतो, त्याच्या हातात मी माझं मूल दिलं नसतं."

समोरच्या दारातून बाई आत गेली आणि वहिनीने गाडी सुरू केली.